जुन्या यंत्रांचे ओझे कोणी वाहायचे?

(रायपूर येथे रेल्वे व डाक कामगारांच्या संयुक्त सभेत केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर महागाई भत्ता आहे, रिक्त जागा आहेत, पेन्शनचा प्रश्न आहे. त्यांच्याखाली 'जुन्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची विल्हेवाट' असा विषय वाचून काही मंडळींनी आम्हाला विचारले, युनियनचा आणि भंगाराचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. आम्ही शास्त्रज्ञ नाही. पण या विषयात विज्ञान जेवढे आहे, त्याहून जास्त एक जुना कामगारी प्रश्न आहे: नफा एकाने घ्यायचा आणि धोका दुसऱ्याने सोसायचा, हे किती दिवस चालायचे? हा प्रश्न आपल्या चळवळीने शंभर वर्षे विचारला आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम आपल्या घरापासून सुरुवात करू. रायपूरला वॅगन रिपेअर शॉप आहे, स्टोअर्स डेपो आहे, विभागीय कार्यालय आहे. शेजारी भिलाईला इलेक्ट्रिक लोको शेड आहे. पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात सिग्नल म्हणजे तार, कप्पी, लिव्हर आणि कंदील. ब्लॉक खोलीत नीलचे बॉल टोकन यंत्र. एकदा बसवले की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत असे. डाक आणि तार हे खाते १९८५ पर्यंत एकच होते. तिथे मोर्सची पितळी कळ होती. तिच्यावर एकामागून एक तारबाबू निवृत्त झाले, पण कळ निवृत्त झाली नाही. २०१३ च्या जुलैत तर तारसेवाच बंद झाली.

आज काय स्थिती आहे? आरक्षणाचे संगणक १९८० च्या दशकाच्या मध्यात आले, तेव्हापासून त्यांच्या किती पिढ्या झाल्या ते मोजा. मोठे पाठीमागे फुगलेले मॉनिटर गेले, चपटे आले. ठोके देणारे प्रिंटर गेले, दुसरे आले. यूपीएस, बॅटऱ्या, ॲक्सल काउंटर, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगची कार्डे, डेटा लॉगर, वॉकीटॉकी, फलाटावरचे गाड्यांची माहिती देणारे फलक, आता टीटीई बंधूंच्या हातातले यंत्र. ट्यूबलाइट आणि सीएफएल काढून सगळीकडे एलईडी बसवले. वीज वाचली, चांगलेच झाले. पण काढलेल्या दिव्यांत पारा होता, तो कुठे गेला?

डाक खात्याचेही तेच. २०१७ पासून 'दर्पण' योजनेत सव्वा लाखाहून अधिक शाखा डाकघरांत सौरऊर्जेवर चालणारी हातयंत्रे दिली गेली. २०१८ साली पोस्ट पेमेंट्स बँक आली, तिची यंत्रे आली. २०२५ साली सगळ्या देशभर नवी संगणक प्रणाली लागू झाली. प्रत्येक नव्या प्रणालीचे उद्घाटन होते, हार घालतात, फोटो काढतात. जुन्या यंत्राचे कोणी काही बोलत नाही. ते मागच्या खोलीत जाते. खोली भरली की 'कंडम' असा शिक्का बसतो, लॉट पाडला जातो, लिलाव होतो. आजकाल लिलाव संगणकावर होतो, म्हणजे जुना संगणक विकायलाही नवा संगणक लागतो.

यात आम्ही सुधारणेच्या विरोधात बोलत नाही. गाडी सुरक्षित चालते, मनीऑर्डर क्षणात पोचते, हे आम्हालाही हवे आहे. आम्ही एवढेच विचारतो की लिलावानंतर पुढे काय?

पुढे काय होते ते सांगतो. भंगार एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. रायपुरात ज्याला कबाडी म्हणतात तो बांधव त्या साखळीचा पहिला दुवा. शेवटचा दुवा कुठे तर दिल्लीच्या सीलमपूरला, किंवा उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले ते शहर. तिथे सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून सुटे भाग उपटले जातात, उरलेले जाळून त्याची राख नदीकाठी चाळली आणि धुतली जाते. तांब्यासाठी तारांवरचे प्लास्टिक जाळतात. सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात. हे काम करणारे कोण? बायका आहेत, पोरे आहेत. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही, हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही.

त्या वस्तूंत काय असते तेही समजून घ्या. जुन्या काचेच्या पडद्याच्या मॉनिटरमध्ये शिसे ग्रॅममध्ये नव्हे, किलोच्या हिशोबात असते. डाखकामातही शिसे असते. ते मुलांच्या मेंदूवर आणि वाढीवर परिणाम करते. नळीच्या दिव्यांत आणि जुन्या चपट्या पडद्यांच्या मागच्या दिव्यांत पारा असतो. काही बॅटऱ्यांत कॅडमियम असते, ते मूत्रपिंडे खराब करते. पीव्हीसीची तार उघड्यावर जाळली की डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. जमिनीत गेलेले शिसे पिढ्यांनीही नाहीसे होत नाही. म्हणजे खात्याने जे लॉट नंबर लावून विकले, ते कुणाच्या तरी मुलाच्या रक्तात जमा झाले. आपल्या रजिस्टरात मात्र त्या रकान्यात 'विल्हेवाट लावली' असे लिहिलेले असते.

लिलाव झाला म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत किती घातक आहे याचे उदाहरण २०१० सालचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून वापराविना पडलेले एक गॅमा किरणांचे यंत्र होते. ते भंगार म्हणून लिलावात गेले. एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते. एक कामगार प्राणास मुकला, आणखी काही जण रुग्णालयात पडले. ते यंत्र आपल्या संगणकांच्या जातीचे नव्हते, हे खरे. पण कार्यपद्धती तीच होती. आत काय आहे हे विकणाऱ्याने सांगितले नाही, घेणाऱ्याने विचारले नाही, आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हते त्याने हातोडा मारला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. यंत्राच्या पोटात काय आहे हे नक्की कोणाला माहीत असते? ज्याने ते बनवले त्याला. ते उघडता येईल की नाही, बॅटरी स्क्रूने बसवायची की डिंकाने चिकटवायची, सुटा भाग दहा वर्षे मिळेल की दोन, हे कोण ठरवतो? तोच. मग ते बिघडल्यावरचा खर्च त्याच्यावर का नको?

आमच्या वॅगन शॉपचे उदाहरण घ्या. वॅगन पीओएचला येते. ती कुठल्याही कारखान्यात बनलेली असो, तिचे भाग लखनौच्या आरडीएसओच्या ठरलेल्या नकाशाप्रमाणे असतात. म्हणून रायपूरचा फिटर दुसऱ्या झोनची वॅगनही डोळे झाकून खोलतो. चाक बदलतो, बेअरिंग बदलतो, पत्रा बदलतो, वॅगन पुन्हा रुळावर जाते. अगदी कंडम झाली तरी तिचे लोखंड भट्टीत जाऊन पुन्हा लोखंडच होते. उरला आणि सिलतऱ्याच्या गिरण्या अशाच लोखंडावर चालतात. हे आपोआप झालेले नाही. वॅगन ज्याची, दुरुस्तीचा खर्चही त्याचाच, म्हणून रेल्वेने पहिल्यापासून तशी रचना मागितली. मोबाईल बनवणाऱ्यावर तो खर्च नाही, म्हणून मोबाईल उघडतच नाही. इतका साधा हिशोब आहे.

कामगार चळवळीला हा हिशोब नवा नाही. एके काळी यंत्रात हात गेला तर दोष कामगाराचा मानत. 'निष्काळजी होता' म्हणत, आणि घरी पाठवत. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. अपघाताचा खर्च मालकाच्या खात्यावर पडू लागला. तेव्हा मालकांना यंत्राला जाळी बसवण्याची आठवण झाली. कामगार एका रात्रीत सावध झाला नव्हता. खर्च कोणाच्या खिशातून जातो, एवढेच बदलले होते. जो निर्णय घेतो त्यानेच परिणामाचा खर्च सोसला, तर निर्णय सुधारतात. उत्पादकाच्या जबाबदारीचे तत्त्व म्हणजे हेच.

डाक बंधूंना तर आम्ही काय सांगावे! पत्ता सापडला नाही, घेणारा मिळाला नाही, तर टपाल काय करते? नाल्यात फेकत नाही. 'पाठवणाऱ्याकडे परत' असा शेरा मारते. आम्ही म्हणतो, बंद पडलेल्या प्रत्येक टीव्हीवर आणि फोनवर हाच शेरा पडला पाहिजे.

हा विचार जगात कसा रुजला ते थोडक्यात सांगतो. १९९० साली स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट या अभ्यासकाने तेथील सरकारपुढे 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' ही कल्पना मांडली. वस्तू विकली की कारखानदार मोकळा झाला असे नाही, तिच्या शेवटापर्यंत तो बांधलेला आहे, हा तिचा आशय. जपानने १९९८ साली घरगुती यंत्रांचा कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एअर कंडिशनर टाकताना तिथे ग्राहक शुल्क देतो, आणि पुनर्वापराचे काम कंपनीला करावेच लागते. युरोपात २००३ साली सर्व सभासद देशांसाठी असा निर्बंध आला. तिथे गोळा केलेल्या मालावरील प्रक्रियेचा खर्च उत्पादकावर टाकला गेला.

कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशांची चैन आहे. नाही. या भंगारात संपत्ती आहे. जपानने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून जुनी यंत्रे गोळा केली, त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाईल होते. त्यातून सुमारे ३२ किलो सोने आणि साडेतीन हजार किलो चांदी निघाली. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदके त्या धातूंची होती. खाणीतल्या एक टन दगडात सोने मिळते ते काही ग्रॅम. एक टन सर्किट बोर्डांत त्याच्या कित्येक पट असते. म्हणजे प्रश्न टाकाऊ मालाचा नाही. संपत्ती कोण उचलतो आणि विष कोणाच्या वाट्याला येते, असा तो आहे.

आता आपला देश. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा' हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली निघाले आणि १ मे २०१२ पासून अंमलात आले. तारीख कामगार दिनाची होती, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. त्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी आली, पण किती माल परत घ्यायचा याचा आकडा नव्हता. आकडा नसला की नियम म्हणजे नुसता उपदेश. २०१६ साली नवे नियम आले, त्यांत लक्ष्य ठरले. २०१८ च्या दुरुस्तीने ते २०१७-१८ साठी १० टक्क्यांपासून सुरू करून वर्षावर्षाला वाढवत नेले.

सध्या लागू आहेत ते २०२२ चे नियम, १ एप्रिल २०२३ पासून. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. सौर पॅनेलही त्यात आहेत. बॅटऱ्यांसाठी २०२२ सालचेच वेगळे नियम आहेत. बनवणारा, आपल्या नावाने विकणारा, परदेशातून आणणारा, या सर्वांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. वस्तूचे सरासरी आयुष्य धरून, तितक्या वर्षांपूर्वी विकलेल्या मालाच्या वजनावर लक्ष्य ठरते. पहिली दोन वर्षे ६० टक्के, २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. ते पुरे करण्यासाठी उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची. कारखान्याने खरोखर माल मोडून धातू काढला, तरच प्रमाणपत्र. लक्ष्य चुकले तर भरपाई द्यावी लागते, आणि भरपाई दिली म्हणून लक्ष्य माफ होत नाही.

कागदावर हे उत्तम आहे. पण कागद आणि रूळ यांत अंतर असते, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? केंद्रीय मंडळाच्याच हिशोबाने २०२१-२२ साली देशात १६ लाख टन ई-कचरा निघाला. त्यांपैकी रीतसर प्रक्रिया झाली सुमारे ५ लाख २७ हजार टनांवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर. जगाची स्थितीही भूषणावह नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन असे भंगार निघाले, आणि रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची आहे.

आता कंपन्यांचे म्हणणे ऐका, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय वाटाघाट होत नाही. २०२४ साली मंडळाने प्रमाणपत्राचा किमान दर ठरवला. ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी किलोला २२ रुपये. त्यावर काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. खर्च वाढतो, दर बाजाराने ठरवावा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयातल्या गोष्टीवर आम्ही मत देत नाही. पण हिशोब मांडू शकतो. घरातला फ्रीज साधारण पन्नास-साठ किलोचा धरा. २२ च्या दराने हजार-तेराशे रुपये होतात, आणि तेही दहा वर्षे वापरल्यानंतर. वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये. हा खर्च आजही कोणीतरी देतोच आहे. मुरादाबादची बाई आपल्या फुफ्फुसाने देते आहे. 'स्वस्त' वस्तूचा स्वस्तपणा तिच्याकडून उसना घेतलेला आहे. 'बाजाराने दर ठरवावा' हे वाक्य आपण किमान वेतनाच्या वेळीही ऐकले होते. तळ नसलेल्या बाजारात सर्वांत दुबळा माणूस बुडतो, म्हणून तर किमान दर लागतो.

उलट बाजूनेही सावध राहिले पाहिजे. प्रमाणपत्र म्हणजे शेवटी कागद. प्लास्टिकच्या बाबतीत काय घडले पाहा. २०२३ साली मंडळाच्या तपासात निघाले की गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार कारखान्यांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे काढली होती. माल मोडलाच नाही, कागद मात्र विकला. ई-कचऱ्यातही हीच वाट फुटू शकते. म्हणून आमचा आग्रह आहे की कारखान्यात तपासणीला जाणाऱ्याने वजनकाटा पाहावा तसा हजेरीपटही पाहावा. जिथे हजार टन माल मोडल्याचे दाखवले आणि हजेरीवर दहा माणसे आहेत, तिथे काय चालले आहे हे कोणताही फोरमन सांगेल.

आणि कबाडी बांधवाचे काय? नव्या व्यवस्थेत नोंदणी चार घटकांची आहे: बनवणारा, उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्वापर करणारा. दारोदार फिरून माल आणणाऱ्याला त्यात स्वतंत्र जागा नाही. पण आजवर हे काम ज्याने सांभाळले तो तोच. त्याला हाकलून स्वच्छता आणायची हे आम्हाला मान्य नाही. याच नियमांत राज्याच्या कामगार खात्यावर चार कामे सोपवली आहेत. मोडणी आणि पुनर्वापरातल्या कामगारांची ओळख व नोंदणी करणे, त्यांचे गट उभारायला मदत करणे, त्यांना कौशल्य शिकवणे, आणि दरवर्षी त्यांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची पाहणी करणे. उद्योग खात्याने औद्योगिक वसाहतीत त्यांच्यासाठी जागा किंवा शेड राखायची आहे. हे आमचे स्वप्न नव्हे, राजपत्रात छापलेले आहे. मागणी फक्त अंमलाची आहे.

हे होऊ शकते का? पुण्याकडे पाहा. १९९३ साली तिथे कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखा हमालांचा नेता त्यांच्या पाठीशी उभा राहिला. ज्यांना लोक चोर समजत, त्यांना महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मिळाले. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, तिने महापालिकेशी करार केला, आणि आज तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात, जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रेही स्वीकारतात. ज्यांच्याकडे कारखाना नव्हता, फाटक नव्हते, मालकही नव्हता, त्यांनी युनियन केली. मग रायपुरात का होणार नाही?

सरकारही या भंगाराकडे आता खजिना म्हणून पाहू लागले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुर्मिळ व महत्त्वाची खनिजे ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांतून काढण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा तिसरा हिस्सा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखला आहे. सुमारे ७० हजार रोजगारांची अपेक्षा सांगितली आहे. ते रोजगार कायम असतील की ठेक्याचे, हातमोज्यासह असतील की हातमोज्याविना, हे आज बोललो नाही तर उद्या उशीर होईल.

मित्रहो, दुसऱ्याला उपदेश पुरे. आपण स्वतः कोण आहोत? नियमांच्या भाषेत, वर्षात हजार किंवा अधिक यंत्रे वापरणारी संस्था म्हणजे 'मोठा ग्राहक'. रेल्वे आणि डाक या दोघांना त्यातून सुटका नाही. मोठ्या ग्राहकाने आपले भंगार नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्वापर कारखान्यालाच द्यायचे असते. म्हणून पुढच्या पीएनएममध्ये, आणि डाक बंधूंनी आपल्या चौमाही बैठकीत, पुढील मागण्या लेखी द्याव्यात असा आमचा प्रस्ताव आहे.

पहिली. खरेदीच्या निविदेतच अट असावी की पुरवठादार कंपनी आयुष्य संपलेले यंत्र स्वखर्चाने परत नेईल, आणि ठराविक वर्षे सुटे भाग देईल. एवढ्या मोठ्या ग्राहकाने अट घातली तर कंपनी नाही म्हणू शकत नाही.

दुसरी. लिलावात बोली लावणाऱ्याची नोंदणी आधी तपासावी. माल गेल्यावर किती वजन गेले, कुठे गेले आणि प्रक्रिया झाल्याचा दाखला, हे तिन्ही सूचनाफलकावर लागावे. आपले यंत्र कुठे गेले हे कळण्याचा कामगाराला हक्क आहे.

तिसरी. गोदामात हा माल उचलणाऱ्या खलाशाला, मग तो कायम असो वा ठेकेदाराचा, हातमोजे, बूट आणि मुखवटा मिळावा. ट्यूब, सीएफएल आणि बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. जागा पुरत नाही म्हणून दिवे फोडून पोत्यात भरणे ताबडतोब बंद व्हावे. फुगलेली बॅटरी इतर मालात ठेवू नये, तिने आग लागते.

चौथी. ग्रामीण डाक सेवकाने बिघडलेले हातयंत्र परत केले की त्याला त्याच दिवशी पावती मिळावी. यंत्राचे आयुष्य संपणे हा त्याचा गुन्हा नव्हे.

पाचवी. छत्तीसगड सरकारच्या कामगार खात्याने रायपूर आणि भिलाईतल्या भंगार कामगारांची नोंदणी सुरू करावी. त्यांची संघटना बांधायला आमच्या दोन्ही युनियनांनी एकेक कार्यकर्ता द्यावा.

आणि सहावी सूचना जरा दूरची आहे, पण विचारात घ्या. घराघरातून वस्तू परत नेण्याची यंत्रणा कंपन्यांकडे नाही. आपल्याकडे आहे. देशातल्या जवळजवळ प्रत्येक गावाशी पोस्टमनचे नाते आहे, आणि रेल्वेचे पार्सल डबे रोज धावतात. सुरक्षित बांधणीचे नियम ठरवून, बॅटरीची खबरदारी घेऊन, कंपन्यांनी पूर्ण भाडे भरावे आणि हा माल आपण परत वाहून न्यावा. खात्याला उत्पन्न, कामाला वाढ. मात्र यासाठी माणसे हवीत. आहे त्याच पोस्टमनच्या झोळीत आणखी एक ओझे, असे असेल तर आमचा विरोध राहील.

घरच्या गोष्टीही दोन शब्दांत सांगतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक खण असतो, त्यात जुने फोन आणि चार्जर झोपलेले असतात. ते भांड्याच्या बदल्यात देऊ नका, कचराकुंडीत टाकू नका, तारा जाळू नका. दुरुस्त होत असेल तर रवि भवनातल्या दुरुस्तीवाल्याकडे आधी न्या. दुरुस्तीने यंत्राचे आयुष्य वाढते आणि त्या बांधवाचे पोटही भरते. नाहीच झाले तर आतली माहिती पुसून कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत कारखान्याच्या माणसाला द्या. नवे घेताना दुकानदाराला विचारा, जुने परत घेता का? तो 'नाही' म्हणेल. पुन्हा विचारा. शंभर जणांनी विचारले की दुकानदार कंपनीला विचारतो. मागणीपत्राचा हाच नियम आहे, एकाने दिले तर अर्ज, हजारांनी दिले तर चळवळ.

शेवटी एवढेच. एक काळ होता, आठ तासांची पाळी म्हणजे अशक्य मागणी समजत. पगारी सुटी म्हणजे लाड समजत. कारखानदार म्हणत, धंदा बुडेल. धंदे बुडाले नाहीत. उत्पादकाची जबाबदारी ही त्याच माळेतली मागणी आहे. ती आज नियमात उतरली आहे. नियमातून गोदामात आणि गोदामातून त्या राख चाळणाऱ्या बाईच्या हातापर्यंत ती न्यायची असेल, तर कोणीतरी मागे लागावे लागते, आणि मागे लागणे हे आपले जुने काम आहे.

या सहाही मुद्द्यांचा ठराव आम्ही सभेपुढे ठेवत आहोत. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, आणि पटला तर हात वर करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!